वीज कोणाच्या पाण्यावर?

पूर्वीचा अहमदनगर आणि २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखला जाणारा जिल्हा जेथे आग्नेयेकडे संपत येतो, तेथे जामखेड तालुक्यात खर्डा हे गाव आहे. मराठी वाचकाला ते ठाऊक असते शालेय इतिहासामुळे. १७९५ च्या मार्च महिन्यात मराठ्यांच्या एकत्रित फौजांनी निजामाला येथे गाठले, तो गावच्या किल्ल्यात कोंडला गेला, आणि अखेर त्याला मानहानीचा तह पत्करावा लागला. सर्व मराठी सरदार एका निशाणाखाली लढले अशी ती अखेरची मोठी लढाई. परंतु इतिहासाच्या या वैभवाचा आजच्या खर्ड्याला फारसा उपयोग नाही. बालाघाटच्या पठारावरील या मुलखात सरासरी पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही भरवशाचा नाही. सीना आणि मांजरा यांच्या पाणलोटांच्या सीमेवर असल्याने मोठी बारमाही नदी जवळ नाही. १९७२ चा दुष्काळ या भागाने सोसला, २०१२-१३ चा सोसला आणि २०१८-१९ चाही सोसला. उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहणे हा येथील अनेक वाड्यावस्त्यांचा शिरस्ता होऊन बसला आहे.

अशा गावाच्या संदर्भात विजेचा प्रश्न काढला, तर कोणी म्हणेल की पाण्याच्या प्रश्नात विजेचे काय काम? खर्ड्यात औष्णिक केंद्र नाही, जलविद्युत केंद्र नाही. हे खरे आहे. तथापि आपल्या राज्यात वीज आणि इंधन निर्माण करण्याच्या ज्या रीती रूढ झाल्या, त्यांनी पाण्याची वाटणी कशी बदलली हे पाहायचे असेल, तर ते वीजकेंद्राच्या दारात उभे राहून दिसत नाही. ज्यांच्या वाट्याला त्या वाटणीतून काहीच आले नाही, अशा गावात उभे राहिले म्हणजे ते स्पष्ट दिसते. म्हणून खर्ड्यापासून आरंभ करणे योग्य.

युनिटमागे साडेतीन लिटर

कोळशावर चालणारे केंद्र पाणी पिते हे सामान्य ग्राहकाच्या ध्यानात क्वचितच येते. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेने चक्र फिरवायचे आणि ती वाफ पुन्हा थंड करून पाणी बनवायचे, असा हा व्यवहार आहे. यातील थंड करण्याच्या कामात मनोऱ्यांवाटे सर्वाधिक पाणी हवेत उडून जाते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये या वापरावर मर्यादा घातली. जुन्या केंद्रांनी एका मेगावॉट-तासामागे ३.५ घनमीटरहून अधिक पाणी वापरू नये, असा तो दंडक आहे. घरगुती भाषेत सांगायचे तर एका युनिटमागे साडेतीन लिटर. महिन्याला शंभर युनिट वीज वापरणाऱ्या कारकुनाच्या घरात दिवे आणि पंखे चालावेत म्हणून दूर कोठेतरी साडेतीनशे लिटर पाण्याची वाफ होते, असा याचा अर्थ. एका घरापुरते हे पाणी थोडे वाटेल. परंतु केंद्र एका जागी असते आणि घरे लक्षावधी असतात.

परळी वैजनाथचे उदाहरण घ्या. मराठवाड्याच्या विकासाचे प्रतीक म्हणून बीड जिल्ह्यात हे केंद्र उभे राहिले. त्याचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. पुढे वाढत वाढत त्याची क्षमता ११३० मेगावॉट झाली. आता हिशेब करू. इतक्या क्षमतेचे केंद्र चोवीस तास पूर्ण भाराने चालले आणि वरील मर्यादा त्याने कसोशीने पाळली, तरी त्याला दिवसाला सुमारे साडेनऊ कोटी लिटर पाणी लागेल. ग्रामीण भागात माणशी ५५ लिटर हे जल जीवन मिशनचे माप धरले, तर हे पाणी सुमारे सतरा लाख माणसांच्या एका दिवसाच्या गरजेइतके होते. कोणतेही केंद्र रोज पूर्ण भाराने चालत नाही हे मान्य केले, तरी प्रमाण समजण्यास हा हिशेब पुरेसा आहे.

आणि हे केंद्र गोदावरी खोऱ्याच्या अवर्षणप्रवण भागात आहे. जे व्हायचे तेच झाले. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचे सर्व संच बंद करावे लागले. जुलै २०१५ मध्ये तीच पाळी पुन्हा आली. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती, पाणी नव्हते. त्याआधी २०१० च्या उन्हाळ्यात चंद्रपूरच्या विशाल केंद्रातील संच इरई धरण आटल्यामुळे बंद ठेवावे लागले होते. म्हणजे दुष्काळात शेतकऱ्याचे पाणी जाते आणि त्याच वेळी शहरवासीयाची वीजही जाते. पाणीटंचाईच्या प्रदेशात औष्णिक केंद्र उभारणे हा दोघांच्याही दृष्टीने तोट्याचा सौदा आहे, हे यावरून दिसून येते.

असे असूनही धडा घेतला गेला असे म्हणवत नाही. सोलापूरजवळ १३२० मेगावॉटचे केंद्र उभारण्यात आले; त्याचे दोन संच अनुक्रमे २०१७ आणि २०१९ मध्ये सुरू झाले. त्याच्या पाण्याची भिस्त उजनी धरणावर ठेवण्यात आली. ज्या सोलापूर शहराने वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड येणारे नळाचे पाणी अनुभवले, त्याच शहराच्या शेजारी आणि त्याच धरणावर हा नवा भार पडला. केंद्र उभारताना कोळसा कोठून येणार, वीज कोणत्या वाहिनीने जाणार, याचा बारकाईने विचार झाला. पाण्याविषयी मात्र धरण आहे म्हणजे पाणी आहे, असे गृहीत धरले गेले.

यात शासनाच्या धोरणाचाही दोष होता. २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला आणि त्यानंतर शेतीला स्थान दिले. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील औष्णिक प्रकल्पाला ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी देण्याच्या निर्णयावरून विदर्भात मोठा असंतोष उसळला. सिंचनाचा अनुशेष भरून काढण्यासाठी बांधलेल्या धरणाचे पाणी विजेकडे वळावे, हे तेथील शेतकऱ्यांना रुचणे शक्य नव्हते. पुढे २०११ मध्ये हा क्रम बदलून शेतीला उद्योगाच्या आधी स्थान देण्यात आले. परंतु त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात दुरुस्ती करून कोणत्या क्षेत्राला किती पाणी द्यायचे हा अधिकार प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे नेण्यात आला. प्राधान्यक्रम सुधारला, पण तो अमलात आणण्याची स्वतंत्र यंत्रणा दुबळी झाली.

पश्चिमेकडे वळलेले पाणी

औष्णिक केंद्र पाण्याची वाफ करते. जलविद्युत केंद्र पाणी संपवत नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे अर्धे खरे आहे. याच जिल्ह्यातील भंडारदऱ्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९२६ साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या पायथ्याशी पाणी चक्रातून जाते, वीज देते, आणि मग प्रवरेच्या पात्रातून शेताकडे निघून जाते. त्याच थेंबाने दोन कामे केली. याला पाण्याचा खर्च म्हणता येणार नाही.

परंतु सह्याद्रीच्या माथ्यावर दुसराही प्रकार आहे. खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही खासगी जलविद्युत केंद्रे अनुक्रमे १९१५, १९२२ आणि १९२७ पासून चालत आली आहेत. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये जो सत्याग्रह आरंभिला, तो याच योजनेतील एका धरणाविरुद्ध होता. या केंद्रांसाठी भीमेच्या खोऱ्यातील, म्हणजे निसर्गतः पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडले जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, या पाण्यासाठी वर्षाला सरासरी ४२.६ टीएमसी आणि कोयनेच्या वीजनिर्मितीसाठी ६७.५ टीएमसी अशी मर्यादा घातली. दोन्ही मिळून ११० टीएमसी होतात. महाराष्ट्राला कृष्णा खोऱ्यात मिळालेल्या ५६० टीएमसीच्या वाट्यापैकी हा जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. भीमेतून जाणाऱ्या ४२.६ टीएमसीची उजनीच्या ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठ्याशी तुलना करून पाहिली, तर हे पाणी किती आहे याची कल्पना येईल. आणि खर्ड्याच्या दृष्टीने विशेष असे, की सीना ही याच भीमेची उपनदी आहे. चार हजार मिलिमीटर पावसाच्या लोणावळ्यातून पाणी अरबी समुद्राच्या दिशेने जाते आणि त्याच खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला सहाशे मिलिमीटरवर माणसे दिवस काढतात.

येथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत. पहिली अशी, की कोकणात उतरलेले हे सारे पाणी वाया जात नाही. पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका या नद्यांच्या काठची गावे, शहरे आणि कारखाने त्यावर जगतात. एका रात्रीत ते थांबवतो असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. दुसरी गोष्ट अशी, की पश्चिमेकडे जाणारे पाणी उद्या थांबले तरी ते आपोआप खर्ड्याला पोचणार नाही. ते भीमेतून उजनीत येईल. बालाघाटच्या पठारावर चढवायचे तर उपसा करावा लागेल, आणि उपशाला वीज लागते. एक टीएमसी पाणी शंभर मीटर वर चढवण्यास, पंपांची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तर, सुमारे १ कोटी १० लाख युनिट वीज खर्ची पडते. उलट कोयनेत एक टीएमसी पाणी खाली सोडल्यास सुमारे चार कोटी युनिट वीज मिळते. निव्वळ विजेच्या हिशेबाने पाहणारा अधिकारी पाणी खाली सोडण्याच्याच बाजूने कौल देणार. म्हणूनच हा निर्णय निव्वळ विजेच्या हिशेबाने होता कामा नये.

उसातून इंधन

गेल्या काही वर्षांत ऊर्जेचा आणखी एक मार्ग खुला झाला, आणि त्याचा नगर जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे वीस टक्क्यांचे लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठले. परकीय चलन वाचले, कारखान्यांना नवे उत्पन्न मिळाले, उसाची थकबाकी लवकर फिटू लागली, हे लाभ नाकारण्याचे कारण नाही. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने १९५०-५१ च्या सुमारास जी वाट घालून दिली, त्या वाटेवर या जिल्ह्यात एकामागून एक कारखाने उभे राहिले. त्यांच्या अर्थकारणाला इथेनॉलने मोठाच आधार दिला आहे.

परंतु या इंधनाची पाण्यातील किंमत काय? नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉलविषयक आराखड्यातच असे नमूद आहे, की उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यास सुमारे २८६० लिटर पाणी लागते. दुचाकीच्या टाकीत पाच लिटर पेट्रोल भरले तर त्यात एक लिटर इथेनॉल असते. ते उसाचे असेल, तर माणशी ५५ लिटरच्या मापाने एका माणसाचे ५२ दिवसांचे पाणी त्या टाकीत गेले असे समजावे. आता बरेच इथेनॉल मका आणि अन्य धान्यापासून होते ही गोष्ट खरी. परंतु महाराष्ट्रात उसाचे वर्चस्व कायम आहे. लागवडीखालील क्षेत्राच्या सुमारे चार टक्के जमिनीवरील ऊस राज्यातील सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, हे कृषिमूल्य आयोगाने वारंवार दाखवून दिले आहे.

आणि येथेही परळीचाच न्याय लागू पडतो. २०२३ च्या पावसाळ्याने दगा दिला, उसाचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. नंतर ती अंशतः सैल करण्यात आली आणि पुढील हंगामासाठी उठवण्यात आली. पाण्यावर उभारलेले इंधन पाणी नसताना मिळत नाही, एवढा साधा बोध त्यातून घ्यावयास हवा होता. दुर्दैवाची गोष्ट अशी, की जामखेड, पाथर्डी आणि बीड जिल्ह्यातील ज्या कोरडवाहू भागाला या पाण्याचा लाभ मिळत नाही, तेथीलच हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांची मुले शाळेतून सहा महिने गळतात. हे आपल्या शिक्षकबंधूंना वेगळे सांगावयास नको.

पंपाचे चक्र

आतापर्यंत विजेसाठी लागणाऱ्या पाण्याचा विचार केला. उलट बाजूने पाण्यासाठी लागणारी वीजही याच चक्रात येते. विहिरी आटल्या तेव्हा खर्ड्यासारख्या भागात विंधन विहिरी आल्या. त्या दरवर्षी खोल जात राहिल्या. दोनशे मीटर खोलीवरून हजार लिटर पाणी उपसण्यास शास्त्राप्रमाणे अर्धे युनिट लागते, प्रत्यक्षात पंपाची स्थिती पाहता सव्वा ते दीड युनिट. पाणी जितके खोल, तितकी वीज अधिक. वीज जितकी अधिक, तितके दूरच्या केंद्रात पाणी अधिक. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेसाठी जागणारा शेतकरी या चक्राचा पहिला बळी आहे.

२०२४ मध्ये राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर केली; तिचा लाभ सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना मिळावा असे अपेक्षित आहे. शेतकऱ्याची आजची अवस्था पाहता या सवलतीला कोणी आक्षेप घेऊ नये. परंतु विजेला किंमत नसली की भूजलालाही किंमत उरत नाही, ही शंका काढून टाकता येत नाही. सौर कृषिपंपांची योजनाही त्याच वर्षी जोमाने पुढे नेण्यात आली. सौरऊर्जा निर्माण करण्यास पाणी जवळजवळ लागतच नाही. पट्ट्या धुण्यापुरते लागते. राळेगणसिद्धीची निवड २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनीच्या प्रारंभिक प्रकल्पासाठी झाली, ही या जिल्ह्याला भूषणावह गोष्ट. दिवसा वीज मिळणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. मात्र सूर्य रोज उगवतो म्हणून पंप रोज दिवसभर चालला, तर खालचे पाणी किती दिवस पुरणार? भूजलाच्या नियमनाचा कायदा २००९ मध्ये विधिमंडळाने संमत केला. त्याचा अंमल गावपातळीवर अद्याप जाणवत नाही. सौरपंपासोबत भूजलाची मोजदाद आली नाही, तर स्वच्छ विजेनेच आपण जमीन कोरडी करू.

एकाच वहीत हिशेब

तर मग करायचे काय? वीज नको असे कोणीही म्हणणार नाही. खर्ड्याच्या शाळेला, दवाखान्याला, पाणीपुरवठ्याच्या पंपाला वीज हवीच आहे. प्रश्न तिच्या रीतीचा आणि तिच्या हिशेबाचा आहे. आज विजेचा हिशेब ऊर्जा खात्याच्या वहीत, पाण्याचा जलसंपदा खात्याच्या, उसाचा सहकार खात्याच्या आणि इथेनॉलचा दिल्लीच्या वहीत लिहिला जातो. चारही वह्या आपापल्या परीने जुळतात; एकत्र ठेवल्या की तूट दिसते, आणि ती तूट टँकरच्या रांगेत उभी असते.

पहिली गोष्ट, औष्णिक केंद्रांनी शहरांचे सांडपाणी शुद्ध करून वापरावे. हा केवळ सुविचार नाही. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना ते बंधनकारक केले आहे. आणि नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले दिवसाला १३ कोटी लिटर पाणी कोराडीच्या केंद्राकडे नेण्याची योजना प्रत्यक्षात उतरली आहे. जे नागपूरला जमले ते अन्यत्र का जमू नये? दुसरी गोष्ट, अवर्षणप्रवण तालुक्यांत इथेनॉलसाठी नव्या ऊस लागवडीस उत्तेजन देऊ नये आणि असलेला ऊस ठिबकखाली आणावा. तिसरी गोष्ट, पश्चिमेकडे वळणाऱ्या पाण्याचा टप्प्याटप्प्याने फेरविचार व्हावा. कोयनेची वर्षाची सुमारे तीनशे कोटी युनिट वीज ही सौरऊर्जेच्या मापाने अठराशे-एकोणीसशे मेगावॉटच्या निर्मितीइतकी होते. सौर कृषी वाहिनीसाठी राज्याने सोळा हजार मेगावॉटचे लक्ष्य ठेवले असताना ही मात्रा आवाक्याबाहेरची नाही. कोयनेचे खरे मोल संध्याकाळच्या वाढत्या मागणीच्या वेळी चटकन वीज देण्यात आहे, हे खरे. परंतु ते काम तेच पाणी वर-खाली खेळवणारी केंद्रेही करू शकतात. अकोले तालुक्यातील घाटघरचे २५० मेगावॉटचे केंद्र २००८ पासून तेच करीत आहे.

चौथी गोष्ट सर्वांत साधी आणि कदाचित सर्वांत अवघड. प्रत्येक वीजकेंद्राने आणि प्रत्येक आसवनीने वर्षाला किती पाणी घेतले, कोठून घेतले आणि त्या वर्षी त्या धरणाखालच्या किती गावांना टँकर लागले, हे एका तक्त्यात प्रसिद्ध व्हावे. असा तक्ता समोर आला, तर विधानसभेतील चर्चेला आणि महाविद्यालयातील वादविवादालाही आधार मिळेल. आज तो नाही. म्हणून ज्याचा आवाज मोठा त्याचे पाणी, अशी अवस्था आहे.

१७९५ मध्ये खर्ड्याच्या मैदानावर जी लढाई झाली, ती काही तासांत निकालात निघाली. पाण्याच्या वाटणीचा प्रश्न तसा निकालात निघणारा नाही. त्यासाठी नियमित मोजणी, उघड हिशेब आणि दर दुष्काळानंतर तो पुन्हा तपासण्याची तयारी लागते. दुष्काळात परळीचे केंद्र बंद पडले तेव्हा शहरांना अंधाराची धास्ती वाटली. त्याच उन्हाळ्यात जामखेडच्या वस्त्यांवर माणसे घागरी घेऊन उभी होती. या दोन घटना वेगळ्या नाहीत, हे आपण मान्य केले तरच पुढच्या दुष्काळाआधी काही करता येईल. तो येणार आहे, याविषयी या पठारावर कोणाच्याही मनात शंका नाही.